लोकलहोस्ट माझ्याच घरात, मग मलाच का दिसेना?

(वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक)

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं घरचं टॉवेलचं काम आहे, चार माग आहेत. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून बाबांनी जुना डेस्कटॉप आणला, ४ जीबी रॅमचा. आमच्या डिझाइनांची यादी फोटोसकट दिसेल असं वेबपान मला स्वतः करायचंय. व्हिडिओ बघून झॅम्प (वेबसर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं सॉफ्टवेअर) टाकलं. दुसऱ्या व्हिडिओत सांगितलं म्हणून नोड, पायथन, डॉकर आणि अँड्रॉइड स्टुडिओही टाकलं. आता संगणक सुरू होईपर्यंत चहा होतो. झॅम्पमध्ये अपाची (त्यातला वेबसर्व्हर) स्टार्ट केलं की ‘पोर्ट ८०’, ‘पीआयडी ४’ अशी लाल अक्षरं येतात आणि ते बंद पडतं. एकदा कसंबसं हिरवं झालं, तर ब्राउझरमध्ये पानाऐवजी माझाच कोड दिसला. चूक कुठं होतेय?
— एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आधी अँड्रॉइड स्टुडिओ काढून टाक. त्याला स्वतःलाच किमान ८ जीबी लागतात, तुझ्याकडं आहेत ४. मग डॉकर काढ. नोड आणि पायथन बिचारे गप्प पडून असतात, राहू देत. (तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. क्लासात तुझ्याच वयाची मुलं समोर बसतात, जिभेला वळण तेच.) दोन भाकरी थापायच्यात आणि त्यासाठी मंडपवाल्याकडून लग्नाची भांडी आणून ठेवलीस, असं झालंय. काठवट, तवा आणि चूल एवढ्यावर भागतं.

काठवट म्हणजे एडिटर. व्हीएस कोड फुकट आहे, चांगलंही आहे. तुझ्या यंत्रावर ते जड वाटलं तर नोटपॅड प्लस प्लस घे, ते पिसासारखं हलकं आहे. तवा म्हणजे ब्राउझर, तो आहेच. चूल म्हणजे झॅम्प, आणि ती पहिल्या आठवड्यात पेटवायचीच नाही.

कारण तुला जे करायचंय, टॉवेलांची यादी आणि फोटो, त्याला पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारी भाषा, लागतच नाही. नुसतं एचटीएमएल (पानाची मांडणी) आणि थोडं सीएसएस (त्याची सजावट) पुरतं. डी ड्राइव्हवर ‘टॉवेल’ नावाचा फोल्डर कर, नाव मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत लिही आणि मध्ये जागा सोडू नकोस. तो फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघड. इंडेक्स डॉट एचटीएमएल नावाची फाइल कर, तिच्यात फक्त एक उद्गारचिन्ह टाइप कर आणि टॅब दाब. पानाचा सांगाडा आपोआप उभा राहतो. त्यात वरच भाषेच्या जागी ‘ईएन’ लिहिलेलं असतं, तिथं ‘एमआर’ कर. नाहीतर ब्राउझर तुझं मराठी पान इंग्रजी समजून बसतो. बॉडीच्या आत एक ओळ लिही, सेव्ह कर, फाइलवर डबल क्लिक कर. दिसलं? आज एवढंच. उद्या एक फोटो.

फाइलचं नाव देताना एक खड्डा आहे, त्यात सगळेच पडतात. गेल्या वर्षी एक मुलगा सलग दोन दिवस ‘चालंना झालंय मॅडम’ म्हणत होता. कोड वाचला, बरोबर. टॅग बघितले, बरोबर. शेवटी मी त्याच्या खुर्चीत बसले आणि एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली. फाइलचं खरं नाव निघालं इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी. नोटपॅडनं मागं शेपूट लावलं होतं आणि विंडोजनं ते झाकून ठेवलं होतं. नवीन विंडोज मिळालं की मी पहिल्यांदा ही खूण करते, मग वॉलपेपर बदलते.

आता तुझी दुसरी तक्रार, पानाऐवजी कोड दिसला ती. तू मागवाल्याची मुलगी आहेस म्हणून सांगणं सोपं आहे. चादरीचं डिझाइन आधी ग्राफ पेपरवर काढतात, चौकोन रंगवून. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे ओवून जेकार्डवर (मागावर नक्षी विणणारं यंत्र) चढवतात, तेव्हा कुठं मोर उमटतो. ग्राफ पेपर घेऊनच दुकानात गेलीस तर गिऱ्हाईक म्हणेल, पोरी, चादर कुठंय? पीएचपीच्या फाइलवर डबल क्लिक करणं म्हणजे हेच. ब्राउझरला एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट एवढंच कळतं. पीएचपी त्याच्या गावीही नाही. ती फाइल अपाचीनं पीएचपीकडून विणून घ्यायची आणि तयार एचटीएमएल ब्राउझरच्या हातात द्यायचं, असा मार्ग आहे. म्हणून पीएचपीची फाइल सी ड्राइव्हवरच्या झॅम्प फोल्डरात जे एचटीडॉक्स आहे, तिथंच ठेवायची, आणि ब्राउझरच्या पट्टीत स्वतः टाइप करायचं : लोकलहोस्ट (म्हणजे हेच यंत्र), तिरकी रेघ, फोल्डरचं नाव. पट्टीत सुरुवातीला ‘फाइल’ आणि त्यापुढं तीन तिरक्या रेघा दिसल्या, तर समजायचं की तू ग्राफ पेपर हातात घेऊन उभी आहेस.

(माझे वडील पूर्व भागात जेकार्डवर होते. एक पुठ्ठा उलटा ओवला गेला तर मोराची मान प्रत्येक चादरीत त्याच जागी मोडायची. यंत्र बिघडलेलं नसायचं, ते सांगितलेलं इमानानं करत असायचं. घरात त्यावरून तेलुगूतून जो दंगा व्हायचा तो इथं छापण्याजोगा नाही. १९व्या शतकात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणितयंत्रासाठी कल्पना उचलली ती याच जेकार्डच्या पुठ्ठ्यांची, हे मला कॉलेजात कळलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग त्याला मजुरी किती मिळाली?’)

उरली लाल अक्षरं. ती नीट वाचत जा, घाबरून खिडकी मिटू नकोस. तू पत्रात उतरवलेल्या ओळीत ‘पोर्ट ८०’ आणि ‘पीआयडी ४’ हे शब्द आहेत, सगळं त्यातच आलं. संगणक म्हणजे वाडा समज. पत्ता एकच, खोल्या हजारो. वेबपानं देणाऱ्या सर्व्हरची ठरलेली खोली ८० नंबरची, कुलूपवाल्या पानांची ४४३, डेटाबेसची ३३०६. अपाची आपलं बोचकं घेऊन ८०मध्ये शिरायला गेलं, तर तिथं आधीच भाडेकरू. पीआयडी म्हणजे चालू प्रोग्रामचा क्रमांक, आणि ४ म्हणजे खुद्द विंडोज. बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वेबसर्व्हर, आयआयएस, कुणीतरी चालू करून ठेवलेला असतो. कॅफेतला संगणक आहे, काय काय चालू असेल देव जाणे. सर्व्हिसेसच्या यादीत ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ सापडली तर ती थांबव आणि तिचा स्टार्टअप प्रकार ‘मॅन्युअल’ कर.

नाही सापडली तर भांडत बसू नकोस, खोली बदल. झॅम्पच्या पॅनेलवर अपाचीसमोर ‘कॉन्फिग’ बटण आहे. त्यातून एचटीटीपीडी डॉट कॉन्फ उघड. ‘लिसन ८०’ शोध, तिथं ८०८० लिही. थोडं खाली ‘सर्व्हरनेम लोकलहोस्ट’ असेल, त्याच्याही पुढचे ८० बदलून ८०८० कर. सेव्ह, स्टार्ट. आता पत्ता लोकलहोस्ट, विसर्गासारखी दोन टिंबं, ८०८०. ही टिंबं आणि आकडा लिहायला विसरलीस की परत जुन्या भाडेकरूचं दार वाजेल.

झॅम्प काढून पुन्हा टाकायची वेळ आली तर ते बनवणाऱ्या अपाची फ्रेंड्सच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवून घे. टाकताना अपाची, मायएसक्यूएल (डेटाबेस), पीएचपी आणि पीएचपीमायॲडमिन (तो डेटाबेस ब्राउझरमधून बघायची खिडकी) एवढ्याच खुणा राहू दे. फाइलझिला, मर्क्युरी, टॉमकॅट, पर्ल, सगळ्या खुणा काढ. आणि ते ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नकोस. तिथं विंडोज लिहायला परवानगी मागत राहतं आणि फाइल सेव्ह का होत नाही म्हणून तू मला दुसरं पत्र लिहिशील.

हे सगळं झालं की एक गंमत कर. राउटरची वायर काढ, इंटरनेट पूर्ण बंद. मग लोकलहोस्ट उघड. पान येतं. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, म्हणजे हेच यंत्र. मागणी घरातून बाहेर पडतच नाही. उंबऱ्याच्या आत गेली आणि आतूनच परत आली. आजवर शंभरेक मुलांना हे तोंडानं सांगितलं असेल, पण वायर काढून दाखवली तेव्हाच त्यांना पटलं.

प्रश्न : मी शिक्षण खात्यातून निवृत्त झालो. वेळ आहे म्हणून मुलाच्या जुन्या संगणकावर आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची पुस्तकयादी वेबपानावर करतोय. मराठी अक्षरांच्या जागी कधी प्रश्नचिन्हं येतात, कधी फ्रेंचसारखं काहीतरी, आणि एका जुन्या यादीतली अक्षरं तर नुसती इंग्रजी कचरा दिसतात. फाँट बदलून पाहिले. उपयोग नाही.
— एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : काका, तुम्ही एक आजार लिहिलाय, पण आहेत तीन, आणि तिन्हींची औषधं वेगळी. फाँट बिचारा कुठल्याच गुन्ह्यात नाही.

प्रश्नचिन्हं आली म्हणजे अक्षरं सेव्ह होतानाच गेली. विंडोज १०च्या जुन्या आवृत्त्यांत नोटपॅड ‘एएनएसआय’ या जुन्या पद्धतीत सेव्ह करायचं, त्यात देवनागरीला जागाच नाही. सेव्ह करताना ‘ही अक्षरं जातील’ असा इशारा येतो आणि आपण ‘ओके’ दाबतो. ती परत येणार नाहीत, पुन्हा टाइप करावी लागतील. इथून पुढं सेव्हच्या खिडकीत खाली ‘एन्कोडिंग’ला यूटीएफ-८ निवडा, त्यात देवनागरी मावते. डेटाबेसमध्ये गेल्यावर प्रश्नचिन्हं होत असतील तर पीएचपीमायॲडमिनमध्ये टेबलाचं कोलेशन (अक्षरं कुठल्या पद्धतीनं ठेवायची ती नोंद) बघा. ‘लॅटिन १’ असेल तर ‘यूटीएफ८एमबी४’नं सुरू होणारं घ्या, आणि पीएचपीतून जोडणी करतानाही तेच सांगा. ही जोडणीची ओळ लोक हमखास विसरतात.

फ्रेंचसारखं दिसतं म्हणजे अक्षरं धडधाकट आहेत, फक्त ब्राउझर चुकीच्या चष्म्यातून वाचतोय. जवळून बघा : डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ पुन्हा पुन्हा येईल, आणि त्याला खेटून एक चार पायांचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह. ही जोडी दिसली की तिथं देवनागरी आहे, डोळे मिटून सांगावं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच, तोच हा टोपीवाला ‘ए’ होऊन बसतो. औषध : हेडच्या आत अगदी वरची ओळ मेटा चारसेटची, किंमत यूटीएफ-८. वर दिलेल्या उद्गारचिन्हाच्या युक्तीत ती आपोआप येते.

याच तीन बाइटांची एक खोड सांगते, पुस्तकांची नावं कापताना तुम्हाला भेटेल. ‘सोलापूर’ या शब्दात अक्षरं किती? तुम्ही मास्तर माणूस, चार म्हणाल : सो, ला, पू, र. युनिकोड म्हणतो सात, कारण ओकार, काना आणि ऊकार तो वेगळे मोजतो. पीएचपीचं साधं एसटीआरलेन विचारलंत तर उत्तर येतं २१, कारण ते बाइट मोजतं. त्या हिशोबानं ‘पहिली दहा अक्षरं दाखव’ म्हणालात तर तिथं ‘सोला’सुद्धा पुरतं येत नाही. चौथं चिन्ह, म्हणजे ‘ला’चा काना, बाराव्या बाइटाला संपतं आणि तुम्ही त्याच्या पोटातूनच कात्री चालवलेली असते. मोजायला आणि कापायला नावात ‘एमबी’ असलेली फंक्शनं वापरा, एमबी एसटीआरलेन सात म्हणतं. चार म्हणवून घ्यायला आणखी खटपट आहे, ती सध्या राहू द्या.

तिसरी, जुनी यादी. ती श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटात टाइप झालेली आहे. तिथं आत खरोखरच इंग्रजी अक्षरं असतात, फाँट फक्त त्यांवर मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की खालचा चेहरा दिसला, इतकंच. हे परिवर्तक (कन्व्हर्टर) लावून युनिकोडमध्ये आणावं लागतं, आणि आणल्यावर रफार आणि जोडाक्षरं एकेक तपासावी लागतात. तुमची यादी पाचशे पुस्तकांच्या आतली असेल तर सरळ पुन्हा टाइप करा. विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी घेतलं की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. महिनाभर बोटं शिव्या देतील, मग तुम्ही विसरालही.

प्रश्न : वादळात लाइट गेली. तेव्हापासून झॅम्पमध्ये अपाची चालतं, पण मायएसक्यूएल ‘शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’ म्हणतं. इंटरनेटवर एकानं ‘आयबीडेटा १’ नावाची फाइल डिलीट करायला सांगितलंय. करू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नका. हात लावू नका. ही फाइल मी स्वतः डिलीट केलेली आहे.

मे महिना, दुपारी चव्वेचाळीसच्या घरात पारा, चारच्या सुमारास वळीव. यूपीएसची बॅटरी मेलेली, आज बदलू उद्या बदलू करत राहिलेली. लाइट गेली तेव्हा तीन बॅचच्या फीचं रजिस्टर उघडं होतं. परत आल्यावर तुमच्यासारखीच लाल ओळ. मीही कुठंतरी वाचलं, ती फाइल उडवली, स्टार्ट दाबलं, आणि हिरवं झालं! शेजारच्या खोलीत जाऊन सांगून आले, जमलं म्हणून. मग पीएचपीमायॲडमिन उघडलं. डावीकडं टेबलांची नावं सगळी होती. एकावर क्लिक केलं : ‘डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन’. दुसऱ्यावर, तेच. गोदामात गठ्ठे जागच्या जागी होते, पण कुठला गठ्ठा कुणाचा हे लिहिलेली चोपडी मी माझ्या हातानं चुलीत घातली होती. ती चोपडी म्हणजेच आयबीडेटा १. पुढचे आठ दिवस पालकांना फोन करून ‘तुम्ही किती भरलेत हो?’ विचारत बसले. लोक प्रामाणिक निघाले, तो भाग वेगळा.

तुम्ही असं करा. झॅम्प पूर्ण बंद. झॅम्प फोल्डरातला मायएसक्यूएल फोल्डर उघडा, त्यात ‘डेटा’ आणि ‘बॅकअप’ असे दोन फोल्डर दिसतील. सगळ्यात आधी ‘डेटा’ची पेनड्राइव्हवर एक प्रत काढा, मगच पुढं. ‘डेटा’चं नाव बदलून ‘डेटा जुना’ करा. ‘बॅकअप’ची प्रत काढून तिला ‘डेटा’ नाव द्या. आता जुन्यातून तुमच्या स्वतःच्या डेटाबेसांचे फोल्डर तेवढे या नव्यात आणा. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स स्कीमा, पीएचपीमायॲडमिन आणि टेस्ट या नावांचे आणू नका, ते त्याचे स्वतःचे आहेत. शेवटी आयबीडेटा १ जुन्यातून आणून नव्यावर घाला. स्टार्ट. बहुतेक वेळा उठून बसतं. उठलं की त्याच मिनिटाला पीएचपीमायॲडमिनमधून ‘एक्स्पोर्ट’ करून एसक्यूएल फाइल बाहेर काढा. मी आता दर शनिवारी काढते.

आणि काम संपलं की संगणक बंद करण्याआधी पॅनेलवर मायएसक्यूएलचं ‘स्टॉप’ दाबत जा.

जाता जाता : पॅनेलवर नाव मायएसक्यूएल असलं तरी आत चालतं ते मारियाडीबी, झॅम्पनं ते २०१५ साली बदललं. दोन्हींचा कर्ता एकच, मॉन्टी विडेनियस. मोठ्या मुलीचं नाव ‘मी’ (इंग्रजीत लिहिताना एम-वाय), धाकटीचं मारिया, त्यावरून ही नावं. म्हणजे मूळ नावातलं ‘माय’ हे ‘माझं’ नव्हे. एरर शोधताना ‘मारियाडीबी’ असा शब्द टाकून शोधलात तर उत्तरं जास्त नेमकी सापडतात.

प्रश्न : वेब प्रोग्रामिंग शिकायला नवा लॅपटॉप केवढ्याचा घ्यावा?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : अजून घेऊ नका. घरात आहे त्यात जुनी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, जमलं तर रॅम ८ करा. मुलगा सहा महिने टिकला तर मग दुकानात जा.

प्रश्न : पीएचपी आता जुनी झाली म्हणतात. खरं का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : १९९५ पासून म्हणतायत. वर्डप्रेस पीएचपीवरच चालतं, आणि गावातल्या दुकानाची, शाळेची साइट उघडून बघितलीत तर वर्डप्रेसशी गाठ पडण्याचा संभव मोठा. शिका.

प्रश्न : संगणकावर बनवलेलं पान मोबाइलवर कसं दिसेल ते बघायचंय. मोबाइलमध्ये लोकलहोस्ट टाइप केलं तर काहीच येत नाही.
— एक विद्यार्थी, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : येणार कसं? मोबाइलवर लोकलहोस्ट म्हणजे तो मोबाइलच. त्याच्यात कुठं अपाची आहे?

दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर घे. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ लिही. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’समोर बहुतेक १९२.१६८नं सुरू होणारा आकडा दिसेल, तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाक. अपाची ८०८०वर असेल तर मागं तेही. राउटर बंद-चालू झाला की हा आकडा बदलू शकतो, म्हणून उद्या चालेना झालं तर आधी तो बघ, कोडला दोष देऊ नकोस. फोटो दिसत नसतील तर नावातली छोटी-मोठी अक्षरं तपासून ठेव. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल सारखंच, पण पुढं पान खऱ्या सर्व्हरवर गेलं की तिथं बहुधा लिनक्स असतं आणि त्याला मोठा ‘जेपीजी’ वेगळा, छोटा वेगळा.

पहिल्यांदा विंडोजची फायरवॉल विचारेल, अपाचीला परवानगी देऊ का. ‘प्रायव्हेट’ला खूण कर, ‘पब्लिक’ला नको. झॅम्पमध्ये डेटाबेसचा मालक ‘रूट’ असतो आणि त्याचा पासवर्ड मुळात कोराच असतो. घरात ते चालतं, कॉलेजच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर नाही.